बापू शांत झाले

बळवंतराव पोतनीसांना जन्मात कुणी बांधून घालू शकलं नव्हतं. ते काम अखेर देवासच्या एका खासगी दवाखान्यातल्या दोन नर्सनी केलं. एक हात पलंगाच्या या दांडीला, दुसरा त्या. कापडी पट्ट्यांनी, हळुवारपणे, पण बांधला तो बांधलाच. डोक्याला मार लागलेला माणूस असाच वागतो, नळ्या उपसतो, वाटेल ते बोलतो, त्याचं मनावर घ्यायचं नाही, असं डॉक्टरांनी अपूर्वाला समजावलं. अपूर्वानं मनावर घेतलंच. शाळेत सारी हयात भूगोल शिकवताना 'मूर्खा'च्या पुढे कधी न गेलेला आपला बाप "सोड मला, सटवे" म्हणून ओरडतो आहे आणि आपण पायथ्याशी उभं राहून नुसतं बघतो आहोत, हे कुठल्या लेकीला सोसेल?

बळवंतराव, म्हणजे घरच्यांचे बापू, घरातून निघाले होते आंबे आणायला. येताना चौरस्त्यावर एका पिकअपनं वळताना त्यांची स्कूटर उडवली. हेल्मेट होतं, पण डोक्यावर नव्हतं. ते हँडलला अडकवलेलं होतं आणि त्यात दोन किलो आंबे होते. आंब्यांना खरचटलंसुद्धा नाही.

यातली खरी गंमत, गंमत म्हणायची तर, अशी की अपूर्वाची नोकरीच मुळी अपघातांची होती. कलेक्टर कचेरीतल्या रस्ता सुरक्षा कक्षात ती आकडे सांभाळायची. ठाण्याठाण्यांतून चढवलेल्या नोंदी तपासायच्या, महिनाअखेरीस मेलेले किती आणि जखमी किती याचा तक्ता करायचा आणि तो देशाच्या आकड्यांशेजारी ठेवायचा. लॉकडाऊनच्या एप्रिलात देशाचा आलेख असा काही खाली आला होता की बघणाऱ्याला वाटावं, माणसं शहाणी झाली. शहाणी कसली, घरात कोंडलेली होती. दारं उघडली तसा आलेख उठला, जुन्या उंचीला टेकला, ती ओलांडून गेला आणि त्यानंतर काही खाली यायचं नाव घेईना. मे-जूनला चढायचा, पावसाळ्यात जरा दबायचा, लग्नसराईला पुन्हा डोकं वर काढायचा. "मैडम, इस महीने भी कम क्यों नहीं हुआ?" असं साहेब दर महिन्याला विचारायचे, जणू देशातली सगळी वाहनं अपूर्वाच हाकत होती. महिना मे वाईट, वेळ संध्याकाळची वाईट, वाहन दुचाकी वाईट, हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. या मे महिन्यात 'गंभीर जखमी'च्या रकान्यात बापू होते. ठाण्यानं त्यांचं वय चुकीचं टाकलं होतं, ते तिनंच दुरुस्त केलं.

धाकटा भाऊ पियुष धरमपुरीला सरकारी शाळेत मास्तर. तो बातमी ऐकताच आला आणि दोन रात्री डोळ्याला डोळा न लावता बापूंच्या उशाशी बसला. आज सकाळी त्याच्या बायकोचा, ईशानीचा, फोन आला की त्यांच्या छोट्या चिऊला ताप भरलाय. डॉक्टर म्हणाले, बापूंचा धोका टळलाय, फक्त डोकं ठिकाणावर यायला वेळ लागेल. तेव्हा तो मोटारसायकल काढून गेला. "उद्या येतोच ताई," म्हणाला. डोळे लाल होते, आणि अपूर्वानं त्याला जाऊ दिलं.

तो गेल्यावर बापूंनी जो काही दंगा मांडला तो दुपार टळेपर्यंत. मग डॉक्टरांनी एक इंजेक्शन दिलं. बापूंचा आवाज हळूहळू उतरत गेला, मुठी सैल झाल्या आणि ते लहान मुलासारखे तोंड उघडं टाकून झोपले. अपूर्वाला रडूच आलं. तिनं डोळे पुसले आणि घरच्या ग्रुपवर लिहिलं: "बापू शेवटी शांत झाले."

मराठीत लिहिलं, कारण ग्रुपवर हिंदी चालत नसे. हा दंडक धारच्या अक्काचा, म्हणजे बापूंच्या थोरल्या बहिणीचा. "बाहेर काय ते हिंदीत भिया-भिया करा, घरात तरी आपली भाषा राहू द्या," असं ती म्हणायची. पोरं तिच्या धाकानं मोडकंतोडकं मराठी टंकायची आणि आपसात खुशाल हिंदीत बोलायची. अपूर्वाचं मराठी त्यातल्या त्यात बरं होतं, आणि त्याचा तिला थोडा तोराही होता.

फोनचा आवाज बंद कर म्हणून नर्स मघापासून डोळे वटारत होती. अपूर्वानं तो बंद केला, ती बाहेरच्या बाकावर बसली आणि भिंतीला डोकं टेकवताच गाढ झोपली.

जाग आली तेव्हा ऊन खिडकीतून तिरपं आत आलं होतं. तिनं फोन पाहिला. न उचललेल्या फोनांची ही रांग. पियुषचे दोन, अक्काचे किती तरी, गंधवानीच्या चुलतभावाचे, ज्यांची तोंडं लग्नाशिवाय दिसत नाहीत अशांचेही. ग्रुपवर हात जोडलेली चित्रं. ॐ शांति. भावपूर्ण श्रद्धांजली. कुणा उत्साही माणसानं बापूंचा फोटो शोधून त्याला हारसुद्धा घातला होता.

ती धावत आत गेली. मी झोपले आणि बापू गेले, सगळ्या जगाला कळलं, मला नाही, असंच तिला वाटलं. बापूंची छाती वरखाली होत होती. तिनं त्यांच्या नाकाशी हात धरला, तरी विश्वास बसेना, म्हणून पुन्हा धरला.

मग तिनं आपलंच वाक्य वाचलं. माळव्यात माणूस मरतो तेव्हा 'मर गए' असं भल्या घरात कुणी म्हणत नाही. 'शांत हो गए' म्हणतात. हे तिला माहीत नव्हतं थोडंच? जन्म इथला, शाळा इथली, नोकरी इथली. पण ते वाक्य लिहिताना ती मराठीत होती आणि वाचणारे सगळे हिंदीत होते.

तिनं अक्काला फोन लावला.

"अक्का, बापू आहेत."

"आहेत म्हणजे काय गं?" अक्काचा आवाज बसलेला होता.

"जिवंत आहेत. झोपलेत. ओरडायचे थांबले, म्हणून मी शांत झाले असं लिहिलं."

मग अक्का म्हणाली, "मनन म्हणाला, अक्का, बापूदादा शांत हो गए. मी चष्मासुद्धा लावला नाही गं. म्हटलं, आता वाचायचं काय राहिलं? डोक्यावरून पाणी घेतलं, देवांवर कापड टाकलं." मनन हा तिचा नातू, पिथमपूरच्या कारखान्यात इंजिनियर. तो मराठी वाचायचा, पण हिंदीत समजून घ्यायचा. मागून त्याचं "सॉरी बोलो ना मेरी तरफ से" ऐकू आलं, आणि अक्कानं त्याला "गप मेल्या" म्हटलेलंही.

"असू दे अक्का. कुणाकुणाला कळवलंत?"

"कुणाकुणाला कशाला, पहिल्यांदा पियुषला. त्याचा फोन तू उचलेनास, त्यानं मलाच केला. मी सांगितलं. तो निघाला गं. म्हणाला, सूर्य बुडायच्या आत पोचतो, तोवर बापूंना नेऊ देऊ नका."

अपूर्वा बाहेर येऊन बाकावर बसली. पियुष असाच निघणार हे तिला ठाऊक होतं, आणि का, तेही. आई, कुसुमावती, कोविडच्या दुसऱ्या लाटेत इंदूरला वारली. पियुष धरमपुरीहून निघाला, नाक्यानाक्यावर पास दाखवत राहिला आणि पोचला तेव्हा नखशिखांत झाकलेल्या परक्या माणसांनी सगळं उरकून टाकलं होतं. एकुलता एक मुलगा, आणि आईला अग्नी दिला महापालिकेनं. त्याच्या हाती आलं ते चिठ्ठी डकवलेलं एक मडकं. त्यावर तो कधी बोलला नाही. एकदाच म्हणाला होता, "बापूंच्या वेळी असं होऊ द्यायचं नाही, ताई."

तिनं ईशानीला फोन केला.

"ताई, वो तो कब के निकल गए," ईशानी रडत होती. "मी म्हटलं कुणाची तरी कार घेऊन चला, ऐकलंच नाही. हेल्मेट पण खुंटीवरच आहे."

"गाडीचा नंबर काय आहे त्याच्या?"

"नंबर तर याद नाही. काळी आहे, स्प्लेंडर."

बापू जिवंत आहेत हे ईशानीला सांगून तिनं फोन ठेवला आणि पियुषचं नाव काढलं. अंगठा त्या नावावर नेला आणि तिथेच थांबली.

कारण पियुष फोन उचलायचा. चालत्या मोटारसायकलवर, मान वाकडी करून, फोन खांद्यात दाबून. त्यावरून तिनं त्याला किती वेळा झापलं होतं. आज तर तो वाजल्याबरोबर उचलणार. दोन रात्रींचं जागरण, डोकं उघडं, बाप मेल्याचं दुःख, मावळायला आलेलं ऊन, वाटेतला चढाचा घाट, आणि त्यात एक हात काढून घ्यायचा तो तिच्या फोनसाठी. न करावा, तर तो जिवाच्या आकांतानं पळवत येणार, एका मेलेल्या माणसासाठी जो मेलेलाच नाही. मेसेज टाकावा, तर तो गाडी न थांबवता वाचणार. जे तिला रोज तक्त्यात दिसायचं ते सगळं एका माणसापाशी गोळा झालं होतं, आणि तो माणूस तिचा भाऊ होता. बापूंचे हात तरी पट्ट्यांनी बांधलेले होते. आपले कशानं बांधलेत, तिला कळेना.

घाटावरच्या चौकीत राठौर नावाचे हवालदार होते. कामापुरती ओळख होती. तिनं त्यांना गाठलं.

"काली स्प्लेंडर, अकेला सवार, बिना हेल्मेट," तिनं सांगितलं. "रोक लीजिए बस. कहना, पिताजी ठीक हैं."

"मैडम, काली स्प्लेंडर बिना हेल्मेट तो यहाँ हर दूसरी है. नंबर बताओ ना."

जिल्ह्यात फुटलेल्या प्रत्येक गाडीचा नंबर तिच्या नजरेखालून जायचा. सख्ख्या भावाच्या गाडीचा तिला येत नव्हता. राठौर बिचारे भले होते, "देखता हूँ" म्हणाले.

पण बसून राहवेना. शेवटी तिनं पियुषला फोन लावला, आणि एक घंटी जाताच तो कापला. पुढच्याच क्षणी हातात फोन थरथरला. पियुष.

ती उचलणार नव्हती. उचलला.

पलीकडे नुसता वारा. "ताई, नेऊ नका त्यांना. घाटात आहे मी. आलोच."

"पियुष, गाडी थांबव आधी. गाडी कडेला घे."

"काय? ऐकू येत नाही. थांबा म्हणालीस ना? थांबा, थांबा."

आणि घाटानं रेंज खाल्ली. तिनं पुन्हा लावला. फोन बंद. पुन्हा लावला, बंदच.

'बापू आहेत.' दोनच शब्द होते. ते तिनं का नाही सांगितले? कारण तिला वाटलं, आधी गाडी थांबू दे, मग सांगू, चालत्या गाडीवर माणसाला धक्का द्यायचा नसतो. रीतीनं बरोबरच होतं ते. ट्रेनिंगमध्ये तीच लोकांना हे शिकवायची. तिला स्वतःचा इतका राग आला की तिनं आपल्याच मांडीवर मूठ आपटली, आणि समोरच्या पेशंटची आई घाबरून सरकून बसली.

मग नातेवाइकांचे फोन. प्रत्येकाला तेच सांगायचं, आहेत, बापू आहेत. लोकांना आनंद होत नव्हता असं नाही, पण काही जण निघाले होते, एकानं रजा टाकली होती, आणि तिसऱ्या दिवसाच्या शोकबैठकीची, उठावन्याची, चिंता पडलेला गंधवानीचा चुलतभाऊ म्हणाला, "मतलब उठावना नहीं है ना? मैंने सबको परसों का बोल दिया." अपूर्वानं फोन ठेवला. दर वेळी स्क्रीन उजळली की पियुष असेल असं वाटायचं, आणि दर वेळी दुसराच कुणीतरी रडायला तयार असायचा.

बाहेरचं ऊन भिंतीवरून चढत चढत छताशी गेलं आणि विझलं. आता सूर्य बुडाला म्हणजे त्याची घाई संपली, आता तो सावकाश येईल, असं तिनं मनाशी म्हटलं. त्यावर तिचाच विश्वास बसला नाही. त्याचा फोन अजून बंद होता.

राठौरांचा फोन आला.

"मैडम, आपके भाई साहब का कुछ पता चला?"

"नहीं."

"वो घाट में एक मोटरसाइकिल वाला मिला है. काली गाड़ी है, हेल्मेट नहीं. काफी देर पड़ा रहा बेचारा, कोई रुका नहीं. हमारी गाड़ी पहुँची, अस्पताल ले जा रहे थे, रास्ते में शांत हो गए." राठौर घुटमळले. "उमर तीस-पैंतीस की होगी. मोबाइल टूट गया है. नंबर मिल जाता तो मैं देख लेता. भगवान करे आपके न हों."

या वेळी त्या शब्दाचे दोन अर्थ नव्हते. अपूर्वा उभी होती ती भिंतीला धरून उभीच राहिली. ईशानीला काय सांगू, बापूंना काय सांगू, चिऊला ताप आहे, असलं काहीबाही डोक्यात फिरत राहिलं. मी एक वाक्य लिहिलं आणि माझा भाऊ मेला. याहून सरळ तिला काही सुचलं नाही.

आणि तेवढ्यात जिन्यावरून पियुष वर आला.

आधी तिनं त्याला ओळखलंच नाही. डोक्याचा गोटा, मिशी सफाचट, कानामागे साबणाचा वाळलेला ओघळ, शर्टावर घाटाची धूळ. तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "नेलं का?"

तिनं त्याला मिठी मारली. त्याचे खांदे, मान, ते गुळगुळीत डोकं, सगळीकडे हात फिरवून पाहिलं. घाटात दुसराच कुणीतरी मेला होता आणि तिला आनंद झाला होता. तो आनंद इतका झाला की तिला त्याची लाज वाटायलाही थोडा वेळ लागला.

"बापू आहेत," ती म्हणाली. "पियुष, बापू आहेत. माझी चूक झाली. ते झोपले, म्हणून मी शांत झाले लिहिलं. आत आहेत."

पियुष हसला नाही की रडला नाही. तो तिथेच फरशीवर खाली बसला. तिला वाटलं, थकलाय. ती त्याच्याशेजारी बसली.

"फोनची बॅटरी गेली, तुझ्याशी बोलतानाच," तो म्हणाला. "वर मानपूरला आलो, तिथे न्हावी दिसला. म्हटलं, देवासला पोचून न्हावी कुठे शोधत बसणार, सगळे खोळंबतील. तिथेच बसलो. त्यानं चहासुद्धा पाजला, ताई."

"बरं केलंस. थोडं तरी बसलास."

"त्याच्याआधी घाटात एक जण पडला होता. गाडी अंगावर. मी जवळून गेलो तर त्यानं हात वर केला." पियुषनं आपला हात खांद्यापर्यंत उचलून दाखवला. "मी थांबलो नाही. म्हटलं, कुणीतरी थांबेलच. सूर्य खाली चालला होता. मग न्हाव्याकडे बसलो होतो तेव्हा सारखं वाटत होतं, परत जावं. गेलो नाही." त्यानं तिच्याकडे पाहिलं. "कुणीतरी थांबलं असेल ना? तू तर रोज हेच बघतेस. वाचला असेल ना तो?"

अपूर्वाच्या हातात फोन होता. त्यावर राठौरांचं नाव सगळ्यांत वर होतं. सकाळी ती नोंद चढेल, धारच्या आकड्यांत जाईल, महिनाअखेरीस देशाच्या बेरजेत मिसळेल, आणि हे तिच्याशिवाय या दवाखान्यात कुणालाही कळायचं कारण नव्हतं. नोंद होईल ती चढाची, संध्याकाळची, हेल्मेटची. शेवटी शांत झाले, या वाक्याला कुठल्याच ठाण्यात रकाना नसतो.

तिनं उत्तर द्यायच्या आत नर्सनं दार उघडलं. "बाबूजी जाग गए. होश में हैं, आ जाओ."

दोघं आत गेली. बापूंचा एक हात सोडलेला होता. डोळे निवळले होते, कितीतरी वेळानं त्यांत ओळख दिसत होती. त्यांनी अपूर्वाकडे पाहिलं, मग पियुषकडे, त्याच्या डोक्याकडे, मिशीच्या जागेकडे. मोकळा हात उचलून त्यांनी त्याला जवळ बोलावलं.

"पियुष," त्यांनी खोल आवाजात विचारलं, "कोण गेलं रे?"

पियुषनं वळून बहिणीकडे पाहिलं. तो नुसतं बापूंसाठी उत्तर मागत नव्हता, स्वतःसाठीही मागत होता, आणि ते तिला समजत होतं.

"कुणी नाही, बापू," अपूर्वा म्हणाली. "कुणीसुद्धा गेलं नाही."